हवेतून काढलेला फोटो कोणाचा?

हेलिकॉप्टर खाणीच्या पार पलीकडच्या टोकाला होतं, तेव्हा मागून आवाज आला. "खाली घे ते. आत्ताच्या आत्ता."

मागे वळून बघता येत नव्हतं. रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरवरून नजर काढली की ते गेलंच समजायचं. मी तसाच वर बघत म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं द्या. एकदम खाली घेतलं तर पडेल."

"पडू दे. हात वर कर."

"हात वर केले तर नक्की पडेल."

बंदुकीचा खटका सरकल्याचा आवाज आला. मी बोलणं सोडून अंगठे हलवत राहिलो. हेलिकॉप्टर हळूहळू माझ्यासमोर आलं, धूळ उडवत बसलं, पंखा थांबला. मग मी रिमोट जमिनीवर ठेवला, हात वर केले आणि वळलो. मोटरसायकलवर आलेले दोन पोलीस होते. त्यांतल्या एकाला मी ओळखत होतो. मागच्या खेपेला हाच शिपाई तासभर माझ्या बाजूला उभा राहून हेलिकॉप्टर बघत होता, "माया पोराले दाखवायले पायजे होतं" म्हणाला होता. आज त्याने ओळख दाखवली नाही.

ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. ड्रोन हा शब्द तेव्हा आमच्या भागात फक्त युद्धाच्या बातम्यांत यायचा. मी वरोऱ्याचा. अब्बांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो. मला लहानपणापासून उडणाऱ्या मॉडेल्सचा नाद. नागपूरच्या एका क्लबात जाऊन शिकलो. पुढे पेट्रोल इंजिनाचं, दोन हात लांबीचं हेलिकॉप्टर घेतलं, पोटाखाली रबराच्या पट्ट्यांवर डिजिटल कॅमेरा टांगला, आणि धंदा सुरू केला. कापसाचे जिनिंगवाले, कॉलेजवाले, गावातल्या एका शाळेचं स्नेहसंमेलन, दगडखाणीवाले, सगळ्यांना आपली जागा वरून कशी दिसते ते बघायचं असायचं. फोटो चांगला आला की नाही, हे मशीन खाली उतरल्यावरच कळायचं. वर असताना सगळा अंदाजाचा मामला.

उडवणं मला लवकर जमलं. कायदा कधीच जमला नाही, कारण तो नव्हताच. म्हणजे एक जुना नियम होता, विमानातून फोटो काढायचा तर दिल्लीची लेखी परवानगी हवी. पण तो माणूस आत बसलेल्या विमानाचा विचार करून लिहिलेला. माझ्या मशीनला तो लागू आहे का, हे मी दिल्लीला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. जिल्ह्याच्या एका ऑफिसात गेलो तर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. जंगलाच्या ऑफिसात म्हणाले, जमीन आमची आहे, आकाश नाही. विम्याच्या साहेबांनी तर माझी गंमतच केली.

"खेळणं म्हणून लिहू का विमान म्हणून?"

"फरक काय पडतो, साहेब?"

"खेळणं लिहिलं तं कोणाच्या डोक्यावर पडल्यावर क्लेम मिळत नाई. विमान लिहिलं तं पायलटचं लायसन्स आण."

विमा झाला नाही. मग मी स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले. माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही. वीजघर, दारूगोळ्याचा कारखाना, रेल्वे, यांच्या जवळपास फिरकायचं नाही. जमीनमालकाचं पत्र असल्याशिवाय मशीन गाडीतून काढायचं नाही. आणि उडवण्याआधी तिथल्या ठाण्यात अर्ज द्यायचा. माझं नाव इक्बाल. या नावाच्या माणसाने कॅमेरा लावलेलं काहीतरी हवेत सोडायचं असेल, तर त्याने इतरांपेक्षा जरा जास्तच कागद खिशात ठेवावेत, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खाण कंपनीचं काम आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. दगडाची उघडी खाण, बाजूला जंगल, जंगलाला लागून गाव. कंपनीचे साइट मॅनेजर पाठक साहेब मूळचे पुण्याकडचे, बोलायला गोड. "बँकेला प्रेझेंटेशन द्यायचंय. खाणीचे वरून छान फोटो हवेत," म्हणाले.

"परवानगी?"

"ती आमच्याकडे लागली. तुम्ही फक्त उडवा."

त्यांनी दिलेल्या वर्क ऑर्डरमध्ये 'साइट फोटोग्राफी' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, यात 'हवाई' हा शब्द घाला. ते हसले. "हेड ऑफिसचा फॉरमॅट आहे हो. शब्द बदलायला गेलो तर महिना जाईल." मी तरी अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या मुन्शीने अर्ज वाचला आणि परत दिला.

"कंपनीचं काम हाये नं? मंग आमाले काऊन कागद देतं?"

"पोच द्या फक्त. शिक्का मारा."

"शिक्का मारला तं जबाबदारी येते. तू जा, उडव. सायेबाले माहीत हाये."

पहिल्या खेपेला सगळं सुरळीत झालं. मोहफुलं वेचायचे दिवस होते. सकाळी हवा थांबलेली असते, तेव्हाच उडवून घेतलं. खाणीच्या एका बाजूला खोदलेल्या मातीचा डोंगर रचलेला होता. जमिनीवर उभं राहिलं तर त्या डोंगरापलीकडचं काही दिसत नव्हतं.

मशीन आवरत होतो, तेवढ्यात गावातल्या एक बाई आल्या. डोक्यावर मोहफुलांची टोपली. सोनाबाई कुमरे त्यांचं नाव. गावातले लोक त्यांना मानायचे, हे बरोबरच्या बायका ज्या रीतीने चार पावलं मागे थांबल्या त्यावरून कळलं.

"भाऊ, वरून समदं दिसते का?"

"दिसते नं, बाई."

"त्या मातीच्या पल्याड आमची मोहाची झाडं होती. गुरं बी तिथीच चरत. आता कंपनीवाले तिकडं जाऊच नाई देत. म्हणतात, हद्द आमची हाये. मले दाखवा."

मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो काढून दाखवला. हद्दीचे पांढरे रंगवलेले खांब एका रांगेत स्पष्ट दिसत होते. खाण त्या रांगेच्या पुष्कळ पुढे गेली होती. खांबांच्या पलीकडे, जंगलाच्या बाजूला, एक मोठा खड्डा होता आणि त्याच्या काठावर आडवी पडलेली झाडं. सोनाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. झाडांची नावं माणसांची घ्यावीत तशी घेतली त्यांनी. हे माझ्या सासूचं, हे धाकट्या जावेचं. प्रत्येक झाडाखाली कोण वेचणार हे त्यांच्यात ठरलेलं असायचं.

"याचा कागदावर फोटो द्या मले."

मी म्हणालो, "बाई, देता नाही येत. पैसे कंपनीने दिलेत. फोटो कंपनीचे."

सोनाबाईंनी टोपली उचलली. "मंग तुमी कायले दाखवलं मले?" एवढं म्हणून त्या गेल्या.

कायद्याने मी बरोबर बोललो होतो. ज्याने काम दिलं, त्याचा फोटो. धंद्याचा पहिला नियम.

वरोऱ्याला जाऊन मी फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उतरवले आणि सीडी बनवून पाठक साहेबांना नेऊन दिली. त्यांनी माझ्यासमोरच लॅपटॉपवर लावली. पहिल्या दोन फोटोंना "वा, वा" म्हणाले. मग खांबांचा फोटो आला. ते गप्प झाले. पुढचा फोटो. त्यातही खांब. मी न विचारता सांगितलं, "साहेब, या बाजूने खाण हद्दीबाहेर गेलीय."

"कॅमेऱ्याच्या अँगलमुळे तसं वाटतं."

"सरळ वरून काढलाय. अँगल नाही."

"बरं. हा तुम्ही कुणाला दाखवला नाही ना?"

मी खरं ते सांगितलं. गावातल्या एका बाईने पडद्यावर बघितला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "काही हरकत नाही. असं करा, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. दुसऱ्या बाजूने काढून घेऊ."

आणि त्या पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या बाजूने काढत असताना, मागून तो आवाज आला.

ठाण्यात टेबलावर माझं सामान मांडलं. हेलिकॉप्टर, कॅमेरा, पेट्रोलची बाटली, रिमोट. रिमोटला हातभर लांब अँटेना. ठाणेदारांनी ती ओढून लांब केली.

"हे वायरलेस हाये."

"रिमोट आहे, साहेब. याच्यावर बोलता येत नाही."

"कोणाले फोटो पाठवतं? दलमवाल्यांले?" दलम म्हणजे जंगलातल्या बंदूकवाल्यांची टोळी. त्या भागात हा प्रश्न साधा नसतो.

"कंपनीचं काम करतो. वर्क ऑर्डर खिशात आहे."

"नाव?"

नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग प्रश्न बदलले. पासपोर्ट आहे का, बाहेरगावी नातेवाईक कोण, घरी कोण कोण येतं, मशीद कोणती. जंगलवाल्यांचा माणूस असल्याचा संशय दुपारपर्यंत मागे पडला आणि त्याची जागा दुसऱ्या संशयाने घेतली. त्याच दिवशी वरोऱ्याला स्टुडिओत दोन माणसं चौकशीला गेली. बाजारपेठेच्या मधोमध दुकान. अब्बांना त्यांनी खुर्चीवरून उठवून उभं केलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तेच प्रश्न विचारले.

दुपारी पाठक साहेबांची जीप आली. तिचा आवाज ऐकून मला किती बरं वाटलं ते आज सांगायचीही लाज वाटते. ते आत गेले. ठाणेदारांनी चहा मागवला. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"यांना आम्ही साइट फोटोग्राफीसाठी बोलावलं होतं," पाठक म्हणाले. "जमिनीवरचे फोटो. हे हवेत काही उडवतील, याची कंपनीला कल्पना नव्हती."

मी बाकावरून ओरडलो. "साहेब, पहिल्या खेपेला तुम्ही उभे होतात माझ्या बाजूला! तुम्हीच सांगितलं, दुसऱ्या बाजूने काढा!"

"बस खाली," ओळखीचा शिपाई म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

पाठकांनी लेखी जबाब दिला, सही केली. बाहेर पडताना व्हरांड्यात माझ्याजवळ थांबले. आवाज पूर्वीइतकाच गोड.

"इक्बालभाई, हे मिटवता येईल. तुम्ही लिहून द्या की पहिले फोटो ट्रायलचे होते, त्यात अंतर चुकीचं दिसतं. कॉपी असतील तेवढ्या आम्हाला द्या. मी जबाबात दुरुस्ती करतो, परवानगी आमची होती म्हणून सांगतो. संध्याकाळी घरी असाल."

"आणि नाही दिलं लिहून तर?"

"तुमचं नाव, हा जिल्हा, आणि हे मशीन. मी काय सांगू?"

मी विचार केला नाही असं नाही. अब्बांचा विचार केला, बायकोचा केला. पण माझे फोटो चुकीचे आहेत असं मी माझ्या हाताने लिहून द्यायचं, हे घशाखाली उतरेना. ज्या माणसाचे फोटो चुकतात, त्याला उद्या कोण बोलावणार? आणि सोनाबाईंचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. मी नाही म्हणालो. पाठकांनी मान हलवली, एखाद्याची तब्येत बरी नाही हे कळल्यावर हलवतात तशी.

अब्बांनी गाठलेल्या वनकर वकीलबाईंनी दुसऱ्या दिवशी जामीन करून दिला. विमान कायद्याचं एक कलम आणि मला ठाऊकच नसलेला जिल्ह्याचा मनाई हुकूम मोडल्याचं एक, एवढंच शेवटी लागलं. मोठं कलम लावायची नुसती धमकीच होती. पण मशीन, कॅमेरा आणि त्यातलं कार्ड मुद्देमाल म्हणून जप्त झालं. मुद्देमाल म्हणजे पुरावा म्हणून ठाण्याच्या कोठीत ठेवलेली वस्तू. केस संपेपर्यंत ती कोर्टाची.

कोर्टाच्या आवारात वकीलबाईंनी पाठकांच्या जबाबाची नक्कल वाचली. मग पुन्हा वाचली आणि हसल्या.

"इक्बालभाऊ, हे म्हणतात हवाई फोटो आम्ही मागितलेच नाहीत."

"तेच तर रडतोय मी."

"रडता काऊन? मागितले नाहीत, तर ते त्यांचे नाहीत. ज्या कामाची ऑर्डरच नाही, त्यावर गिऱ्हाइकाचा हक्क कसला? फोटो तुमचे झाले. त्यांनी सही करून तुम्हाला दिलेत. पहिल्या खेपेची कॉपी आहे ना?"

कॉपी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर होती. चौकशीवाल्यांनी अब्बांना उभं केलं होतं, कॉम्प्युटरकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. मी स्टुडिओत मिळेल तेवढ्या मोठ्या कागदावर प्रिंट काढली आणि बसने सोनाबाईंच्या गावी गेलो. त्यांनी प्रिंट भिंतीला टेकवून ठेवली. अख्खं गाव येऊन बघून गेलं. त्यांनी मला चहा दिला, वर मोहाचे लाडू. मागचं काही बोलल्या नाहीत. त्या वर्षभरातला तेवढा एकच दिवस मला गोड आठवतो.

गावाने खाणीविरुद्ध जिल्ह्याच्या ऑफिसात तक्रार केली. सुनावणी लागली. मीही गेलो, फोटो मी काढला आहे असं सांगायला. कंपनीचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, "हा फोटो काढणारा इसम फौजदारी खटल्यात आरोपी आहे. फोटो परवानगीशिवाय काढलेला आहे. तो बघणंसुद्धा योग्य होणार नाही."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो उलटा करून ठेवला. खरोखर उलटा. पाठीकडची कोरी बाजू वर.

"बाई, हा फोटो बेकायदेशीर आहे. मला विचारात घेता येत नाही."

सोनाबाई म्हणाल्या, "फोटो बेकायदा हाये, तं खड्डा कायद्याचा हाये का, सायेब? फोटो नका पाहू. चला, खड्डा पाहा. मी नेतो तुमाले."

साहेब भले होते की घाबरट, मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांनी मोजणीचा हुकूम दिला. पण मोजणीवाले आले तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. खड्डा काठोकाठ भरलेला. पांढरे खांब, जे होते ते, पाण्याखाली किंवा आणखी कुठे गेलेले. 'पाणी असल्यामुळे मोजणी करता आली नाही' असा शेरा पडला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येऊ म्हणाले. पुढच्या उन्हाळ्याआधीच कंपनीला तीच जमीन वाढीव हद्द म्हणून मंजूर झाली. आता मोजायला काही उरलंच नव्हतं.

माझी केस मात्र चालत राहिली. तारीख पडली की वरोऱ्याहून बस, दिवसभर बाकावर, संध्याकाळी परत. जिनिंगवाल्यांनी बोलावणं बंद केलं. शाळेने कळवलं की यंदा जमिनीवरूनच फोटो काढून घेतोय. बाजारात लोक पूर्वीसारखेच बोलायचे, फक्त लग्नाच्या ऑर्डरी दुसरीकडे जायच्या. अब्बा त्या चौकशीविषयी कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर दुकानात गिऱ्हाईक आलं की ते आधीच खुर्चीवरून उठून उभे राहायचे. ती सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

शेवटी केस सुटली ती अशी. विमान कायद्याखाली खटला भरायचा असेल तर पोलिसांना वरून लेखी मंजुरी घ्यावी लागते. ती कुणी घेतलीच नव्हती. वकीलबाईंनी एवढंच दाखवलं आणि त्या कलमातून मी मोकळा झालो. दुसरं कलमही त्याच दिवशी सुटलं, मनाई हुकूम मला कुणी कळवल्याचा पुरावा नव्हता. परवानगी नव्हती म्हणून मला पकडलं, आणि मला पकडून कोर्टात उभं करायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. कोर्टात कुणी हसलं नाही.

मुद्देमाल परत मिळाला. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, इंजिन गंजून बसलं होतं, पंख्याचं एक पातं गायब. पोच द्यायला मात्र त्यांनी माझी सही घेतली, 'वस्तू सुस्थितीत मिळाली' या ओळीखाली. वकीलबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, करा. केली.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच कंपनीचं एक माहितीपत्रक माझ्या हातात आलं. चकचकीत कागद, हैदराबादच्या कुणीतरी काढलेला हवाई फोटो, परवानगी वगैरे सगळी चोख असणार. सोनाबाईंच्या मोहाच्या जागेवर निळंशार पाणी होतं. खाली लिहिलं होतं, 'कंपनीने परिसरासाठी निर्माण केलेला जलसाठा'. फोटो चांगला होता. सकाळच्या उजेडात काढलेला, कॅमेरा अजिबात हलला नव्हता.

आता ड्रोनचे नियम आले आहेत, लायसन्स आहे, विमाही मिळतो. या धंद्यात उतरलेली मंडळी कधीकधी स्टुडिओत येऊन विचारतात, काय काय सांभाळायचं. मी त्यांना सगळे कागद सांगतो, पोच घ्यायला सांगतो, वर्क ऑर्डरमधला शब्द न् शब्द वाचायला सांगतो. आणि मग सांगतो, मशीन गाडीतून काढायच्या आधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारा. फोटोत काय दिसायला हवं, हा नव्हे. काय दिसलेलं चालणार नाही, हा. तो गप्प झाला, तर मशीन परत डिक्कीत ठेवा.